बेतवेकाठचं रान

३१ मार्च १८५८. झाशीला वेढा पडून आठवडा उलटला होता. सर ह्यू रोजच्या तोफा शहराचा तट खिळखिळा करत होत्या आणि आतली माणसं पूर्वेकडे डोळे लावून बसली होती. त्या संध्याकाळी बेतवेच्या बाजूच्या एका उंचवट्यावर मोठा जाळ पेटला. तात्या टोपे मदतीला येऊन पोचल्याची ती खूण होती. बुरुजांवरून तोफांची सलामी झाली, तटावर जयघोष उठला. पेणजवळच्या वरसईहून उत्तरेत आलेले विष्णुभट गोडसे तेव्हा झाशीतच अडकलेले होते. ‘माझा प्रवास’ वाचलेल्या मराठी वाचकाला त्या दिवसांतली झाशी ओळखीची आहे.

दुसऱ्या दिवशी लढाई झाली आणि ती तात्यांच्या हातून गेली. त्यांच्याकडे वीस हजारांच्या आसपास फौज होती. रोजने वेढा न उठवता, जेमतेम दीड हजार माणसं बाजूला काढून तिच्यावर चाल केली. पुढची फळी मोडली, पळापळ झाली. मागच्या फळीत तात्या स्वतः होते. शत्रू अंगावर येतो आहे आणि पाठीशी नदी आहे, हे पाहून त्यांनी मधल्या रानाला आग लावली. एप्रिलची पहिली तारीख. या मुलखात तेव्हा गवताची काडीन् काडी वाळलेली असते, झाडांवर पान नसतं, खाली पाचोळ्याचा थर पडलेला असतो. धूर आणि ज्वाळांच्या आडोशानं उरलेली फौज नदीकडे सरकली. रोजचं घोडदळ आणि घोड्यांवरचा तोफखाना जळत्या रानातून पाठलागावर निघाला. तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या, तात्या पडले नाहीत. ते काल्पीकडे निसटले आणि पुढचं वर्षभर इंग्रजांना दमवत राहिले.

त्याच पंधरवड्यातली दुसरी हकिकतही झाडांचीच आहे. ह्यू रोज येणार हे कळल्यावर राणी लक्ष्मीबाईनं झाशीभोवतीचा मुलूख मोकळा करून टाकला होता. शत्रूला सावलीला झाड मिळू नये, घोड्यांना चारा मिळू नये, चुलीला सरपण मिळू नये, हा हेतू. एप्रिलच्या उन्हात त्यानं गोऱ्या पलटणींचे हाल झालेही असते. पण ओरछ्याच्या दरबारानं आणि शिंद्यांनी इंग्रजांना चारा, लाकूडफाटा, भाजीपाला पुरवला आणि तो डाव फसला. शहर वाचावं म्हणून राणीनं झाडं तोडली, फौज वाचावी म्हणून तात्यांनी रान पेटवलं. सत्तावनच्या आपल्या कथनांत तलवार आहे, घोडा आहे, तटावरून घेतलेली उडी आहे. हे रान मात्र कुठेतरी एका वाक्यात येऊन जातं. मला ते फार अपुरं वाटतं. झाशीतली मराठ्यांची शंभर-सव्वाशे वर्षं समजून घ्यायची तर किल्ल्याइतकंच बेतवेकाठचं रानही पाहायला हवं, असं माझं ठाम मत आहे, आणि हा लेख त्यासाठीच आहे.

प्रत्यक्ष लढाई झाली तो झाशी आणि बरवासागरमधला पट्टा आज बराचसा शेतीखाली आहे. मऊरानीपूरकडे जाणारा हमरस्ता त्यातूनच जातो आणि नोटघाटच्या पुलावरून बेतवा ओलांडतो. दुतर्फा गव्हा-हरभऱ्याची शेतं, मध्येच ग्रॅनाइटचे उघडे खडक, पळसाची झुडपं. त्या काळच्या रानाची कल्पना यावी असं जे उरलं आहे ते नदीच्या वरच्या अंगाला, ओरछ्यापाशी. झाशीपासून ओरछा अठरा किलोमीटर. झाशी उत्तर प्रदेशात, ओरछा मध्य प्रदेशात, २०१८ साली नव्यानं झालेल्या निवाडी जिल्ह्यात. गावातून बेतवेवरचा जुना, बिनकठड्याचा अरुंद पूल ओलांडला की ओरछा अभयारण्य लागतं. १९९४ साली घोषित झालेलं हे अभयारण्य पंचेचाळीस चौरस किलोमीटरांच्या आसपास आहे, म्हणजे आपल्या मेळघाट-ताडोब्यापुढे अगदीच लहान. एका बाजूला बेतवा, दुसऱ्या बाजूला तिला येऊन मिळणारी जामनी. या दोन नद्यांच्या बेचक्यात हे रान टिकलं आहे. पावसाळ्यात तो पूल पाण्याखाली जातो.

इथे वाघ नाही आणि जीपमधून धावाधाव करण्यासारखं काही नाही. पायी हिंडावं असं हे रान आहे. चितळ, नीलगाय, रानडुक्कर, वानरं दिसतात. सांबर नशीब असेल तर. पाय ठेवाल तिथे खडक. बुंदेलखंडचा हा गुलाबी-करडा ग्रॅनाइट सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचा, भारतातल्या अतिशय जुन्या खडकांपैकी. त्यावर मातीचा थर इतका पातळ, की सह्याद्रीच्या दाट रानात डोळे मुरलेल्या माणसाला हे आधी खुरटं वाटतं. साग आहे, खैर आहे, तेंदू, पळस, मोह, सालई आहे. आपल्याकडचा कांडोळ, ज्याला इथे कुलू म्हणतात, तो खडकाच्या फटीतून पांढराफटक उभा असतो. नदीच्या काठानं अर्जुन. पण या रानाचा खरा धनी करधई.

करधई हा धावड्याचा सख्खा भाऊ. महाराष्ट्रात तो आपल्याला फारसा भेटत नाही. बुंदेलखंड, चंबळ, अरवली हा त्याचा मुलूख. खोड बारीक, साल गुळगुळीत राखाडी, फांद्या टोकाला खाली झुकलेल्या, पान नखाएवढं. मी हात लावून पाहिलं तर बोटाएवढी फांदीसुद्धा वाकायला तयार नव्हती. लाकूड इतकं चिवट, की कुऱ्हाडीची धार जाते. हिवाळ्याच्या सुमाराला पानं तांबूस-गुलाबी होतात, आणि एका बाजूनं सगळा उतार तांब्याचा दिसू लागतो. मग पानगळ. उन्हाळ्यात करधईचं रान मेल्यासारखं वाटतं. पण जूनमध्ये हवेत नुसती ओल आली, पावसाचा थेंबही पडला नाही, तरी करधई हिरवी होते, असं इथली माणसं सांगतात. बरोबरच्या वनरक्षकाला विचारलं, “भैया, सच में?” तर तो म्हणाला की आम्ही आभाळाकडे बघत नाही, करधईकडे बघतो. बकऱ्यांनी खाऊन खाऊन ती झुडपासारखी ठेंगणी होते, पण मुळं सोडत नाही. खुडलेल्या करधईच्या बुंध्यापाशी एकदा तरी वाकून बसावं. वरचा भाग गुडघ्याएवढा आणि बुंधा मनगटाएवढा जाड. इतकी वर्षं खाल्ली गेली, तरी वाढत राहिली.

पुढे पचमढियाकडे जाताना नदी खडकांत फुटते. पाण्याचे पाट वेगळे होतात, पुन्हा एकत्र येतात, मध्ये झाडीची बेटं. भोपाळजवळ उगम पावून हमीरपूरला यमुनेला मिळेपर्यंत बेतवा पाचशे नव्वद किलोमीटर वाहते, आणि वाटेत तिला ठिकठिकाणी अडवलेलं आहे. वर राजघाट आणि माताटीला, खाली इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बांधलेला परीछाचा बंधारा. ओरछ्यापाशी ती मोकळी वाटते खरी, पण तिचं पाणी किती असायचं हे वरच्या धरणांचे दरवाजे ठरवतात.

आता प्रश्न असा, की एका राजधानीच्या वेशीवर रान उरलं कसं? ओरछा हे काही आडबाजूचं खेडं नव्हतं. १५३१ साली रुद्रप्रताप बुंदेलानं ते वसवलं. त्याच्या वंशातल्या वीरसिंहदेवानं शहजादा सलीमसाठी १६०२ साली अबुल फजलचा खून करवला, सलीम जहांगीर होऊन तख्तावर बसला आणि वीरसिंहाचे दिवस पालटले. जहांगीर महाल, लक्ष्मीनारायण मंदिर ही त्याची बांधकामं. १६१३ साली झाशीच्या बंगरा टेकडीवर किल्ला बांधला तोही त्यानंच. म्हणजे झाशी ही मुळात ओरछ्याची चौकी.

हे नातं उलटं झालं ते मराठ्यांच्या काळात. मोगल सरदार बंगशाच्या वेढ्यातून सोडवल्याबद्दल छत्रसालानं बाजीरावाला राज्याचा तिसरा हिस्सा दिला आणि बुंदेलखंडात आपला पाय रोवला गेला. १७४२ च्या सुमाराला नारो शंकर झाशीचे सुभेदार झाले. नाशिकच्या गोदाकाठचं नारोशंकराचं देऊळ आणि त्याची मोठी घंटा पाहिली नाही असा नाशिककर नसेल. तेच हे नारो शंकर. त्यांनी झाशीचा किल्ला वाढवला, त्या भागाला आजही शंकरगढ म्हणतात, आणि किल्ल्याखाली शहर वसवायला घेतलं. शहराला माणसं लागतात. ती त्यांनी ओरछ्याहून आणली. सावकार, कारागीर, विणकर झाशीला आले. त्यांच्यानंतर आलेल्या नेवाळकरांनी, मूळ रत्नागिरीकडच्या कऱ्हाडे घराण्यानं, देवळं, वाडे, तट बांधून शहर भरभराटीला आणलं. आणि १७८३ साली ओरछ्याच्या राजानं आपली राजधानी टेहरीला, आजच्या टीकमगढला, हलवली. ओरछ्यात देव राहिले, पुजारी राहिले, थोडे शेतकरी आणि नावाडी राहिले.

ओरछ्याच्या किल्ल्याच्या मागच्या भागात हे डोळ्यांनी दिसतं. जहांगीर महालाकडे पर्यटकांची रीघ असते. मागच्या दरवाजानं खाली उतरलात तर कुणी नसतं. तबेले, हमामखाने, सरदारांचे वाडे, विहिरी, सगळं झाडोऱ्यात बुडालेलं. छताच्या भेगेतून पिंपळाची मुळं खाली जमिनीपर्यंत आलेली, चौकात सीताफळाची झुडपं. इथे अडीचशे वर्षांपूर्वी बाजार होता. माझ्या मनात जोडणी अशी होते: झाशी भरली म्हणून ओरछा रिकामं झालं, आणि ओरछा रिकामं झालं म्हणून बेतवेकाठचं रान कुऱ्हाडीपासून वाचलं. पुढच्या काळात ते संस्थानिकांच्या शिकारीसाठीही राखलं गेलं असणार, पण सुरुवात त्या स्थलांतराची. एका नाशिककर सुभेदारानं नकळत हे रान राखलं, आणि शंभर वर्षांनी नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्याच्या तात्यांना त्याच नदीकाठच्या रानानं पाठ दिली.

लक्ष्मीनारायण मंदिराच्या भिंतींवर रंगीत चित्रं आहेत. रामायण-कृष्णलीलांच्या जोडीला एका ठिकाणी झाशीच्या किल्ल्याची लढाई काढलेली आहे. तोफा, गोरे शिपाई, तटावरची माणसं. ज्या दरबारानं इंग्रजांना चारा पुरवला त्याच्याच राज्यातल्या देवळात ही लढाई कुणा चितेऱ्यानं काढली. दरबार एकीकडे आणि लोकांचं मन दुसरीकडे, याचा इतका सरळ पुरावा मी क्वचित पाहिला आहे.

कंचनाघाटावर बुंदेला राजांच्या छत्र्या आहेत, चौदा. या नुसत्या समाध्या नाहीत, तीन-तीन मजल्यांच्या इमारतीच आहेत. पुलावरून पाहिल्या की त्यांची रांग पाण्यात उतरलेली दिसते. पण मी तिथे गेले ते गिधाडांसाठी. सकाळी ऊन चढेपर्यंत ती शिखरांवर बसून असतात. एक भारतीय गिधाड, मान काढून, पंख अर्धवट पसरून, कळसाच्या खालच्या कंगोऱ्यावर बसलं होतं. दुर्बिणीतून त्याच्या मानेवरची विरळ पिसं आणि चोचीचा फिका रंग स्पष्ट दिसत होता. खालच्या कोनाड्यात काटक्यांचं घरटं, आणि त्याखाली दगडावरून पांढरे ओघळ. किती वर्षं त्या कोनाड्यात वीण होत आली आहे हे त्या ओघळांच्या जाडीवरून कळतं. हा पक्षी एरवी कड्याकपारींत घरटी करतो. ओरछ्याला उंच कडे नाहीत, म्हणून त्यानं राजांची शिखरं घेतली. दहाच्या सुमाराला हवा तापली, तशी ती एकेक करून उठली आणि पंख न हलवता नदीवरून वर चढत गेली.

नव्वदच्या दशकात देशातली गिधाडं शंभरातली नव्वदहून जास्त नाहीशी झाली. कारण निघालं डायक्लोफेनॅक, गुरांना देण्यात येणारं वेदनाशामक. ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. २००६ साली गुरांसाठी त्यावर बंदी आली. किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकवर बंदी यायला मात्र २०२३ उजाडलं. ओरछ्याची गिधाडं या सगळ्यातून उरली आहेत. वारसास्थळ म्हणून ओरछ्याचं नाव २०१९ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलं, तेव्हापासून इमारतींची साफसफाई, डागडुजी वाढली. ती हवीच. फक्त कोनाडे बुजवताना आणि दगड घासताना आत कोण राहतं हे आधी पाहिलं जावं, एवढं मला कळकळीनं वाटतं.

ओरछ्याकडून झाशीच्या वाटेला लागलं की दोन-तीन किलोमीटरांवर सातार नावाची छोटी नदी लागते. आपल्या वाचकानं इथे थांबलंच पाहिजे. काकोरीच्या कटानंतर पोलीस मागावर असताना चंद्रशेखर आझाद या नदीकाठी हनुमानाच्या देवळाजवळ कुटी करून राहिले होते. नाव घेतलं होतं पंडित हरिशंकर ब्रह्मचारी. शेजारच्या ढिमरपुऱ्यातल्या मुलांना ते शिकवत. त्या गावाला आता आझादपुरा म्हणतात. आणि याच डांगेत ते झाशीच्या पोरांना नेमबाजी शिकवत.

ती पोरं कोण? मास्टर रुद्रनारायणांच्या घरी जमणारी मंडळी: भगवानदास माहौर, आणि दोन मराठी नावं, सदाशिवराव मलकापूरकर आणि विश्वनाथ वैशंपायन. मलकापूरकर आणि माहौर १९२९ साली बॉम्बच्या सामानासह भुसावळ स्टेशनवर पकडले गेले. पुढे जळगावच्या कोर्टात, लाहोर खटल्यातले माफीचे साक्षीदार समोर आले तेव्हा त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. जळगाव-भुसावळच्या किती जणांना हे आज ठाऊक असेल? वैशंपायनांनी पुढे आझादांचं विस्तृत चरित्र हिंदीत लिहिलं; आझादांबद्दल आपल्याला जे घरगुती तपशील मिळतात त्यातले पुष्कळ त्यांच्यामुळे. आणि मलकापूरकरांनी तर सुटून आल्यावर एक वेगळंच काम अंगावर घेतलं. भाबऱ्याच्या झोपडीत एकट्या, हलाखीत राहिलेल्या आझादांच्या आईला, जगरानीदेवींना, त्यांनी झाशीला आणलं, आपल्या आईसारखं सांभाळलं. १९५१ साली त्या झाशीतच वारल्या, आणि मुलानं करायचं ते मलकापूरकरांनी केलं. झाशीत बडागाव दरवाजाबाहेर त्यांची समाधी आहे. झाशीत मराठी माणसांनी मागे काय ठेवलं असं कुणी विचारलं तर मी आधी हे सांगेन, मग राजवाड्यांचं.

सातारच्या काठी आता स्मारक आहे, पुतळा आहे, बाग आहे. रान मात्र मागे हटलं आहे.

झाशीच्या पूर्वेला, वीसेक किलोमीटरांवरचं बरवासागर हे या भटकंतीतलं शेवटचं ठिकाण. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ओरछ्याच्या उदितसिंहानं बांध घालून केलेला तलाव, त्यावर नजर ठेवणारा किल्ला, गावाबाहेर नवव्या शतकाच्या अखेरचा प्रतिहारकालीन जराईचा मठ. मठाच्या दारावरचं कोरीवकाम पाहायला निवांत वेळ काढा. डाकूंचा उपद्रव झाला तेव्हा राणी स्वतः इथे येऊन राहिली होती, हे गोडसे भटजींनी लिहिलेलं आहे. आज बरवासागर आल्यासाठी आणि भाजीपाल्यासाठी प्रसिद्ध आहे.

या रानापुढची संकटं मोठी आहेत आणि ती रानात शिरून दिसत नाहीत. बुंदेलखंडात पीक निघालं की गुरं मोकळी सोडायची चाल आहे, तिला अन्ना प्रथा म्हणतात. चारा-पाणी कमी, दूध न देणारं जनावर पोसणं परवडत नाही, म्हणून ती सुटतात, आणि कोवळं रोप उरत नाही. रागावून उपयोग नाही. शेतकऱ्याला बांधून घालायला चारा मिळायला हवा. झाशीत १९६२ पासून गवत आणि चारा संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे, १९८८ पासून कृषिवानिकीची आहे. बबीना भागातल्या परासई-सिंध पाणलोटात कृषिवानिकी संस्थेनं जुन्या ‘हवेली’ दुरुस्त करून दाखवल्या. हवेली म्हणजे शेताच्या वरच्या अंगाला पावसाचं पाणी तुंबवणारा पारंपरिक बांध. विहिरींना पाणी आलं, शेतकऱ्यांनी दुसरं पीक घेतलं, जनावरं बांधली गेली. हे काम ओरछ्याच्या भोवतीच्या गावांत व्हायला हवं. झाशीभोवती खडी फोडणाऱ्या क्रशरांनी टेकड्या खाल्ल्या आहेत, त्याचा तर रोज धुरळा दिसतो. आणि २५ डिसेंबर २०२४ ला पायाभरणी झालेल्या केन-बेतवा जोड प्रकल्पाचा सव्वादोनशे किलोमीटरांच्या आसपास लांबीचा कालवा शेवटी बरवासागरच्याच बाजूला येणार आहे. इथल्या शेतकऱ्याला पाणी हवं आहे, त्याची तहान खरी आहे. पण त्या पाण्यासाठी पन्नाच्या व्याघ्ररानाचा काही भाग बुडणार आहे, तीही किंमत तितकीच खरी. एका रानाच्या बदल्यात दुसऱ्या नदीकाठी हिरवळ, हा हिशेब मला पटत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत पुष्कळ मराठी कुटुंबं झाशी-ओरछा-खजुराहो करतात. झाशीचा किल्ला, राणीमहाल, लक्ष्मीतालावरची गंगाधररावांची छत्री आणि राणीचं लग्न झालं ते गणेशमंदिर एका दिवसात होतं. दुसरा दिवस रानाला द्या. पहाटे पूल ओलांडा, अभयारण्याच्या फाटकावर तिकीट काढा, वाट दाखवायला तिथलाच माणूस घ्या. त्याला झाडांची नावं येतात आणि त्याच्या घरात दोन पैसे जातात. करधईची पानं रंग बदलत असतात ते हेच दिवस. गिधाडांची वीणही याच सुमाराला सुरू होते आणि उन्हाळ्यापर्यंत चालते, म्हणून छत्र्यांच्या वरच्या मजल्यांवर चढू नका, कोनाड्यांपाशी ड्रोन नेऊ नका, मुलांना खालूनच दुर्बीण द्या. परतताना सातारला उतरून मुलांना मलकापूरकरांची गोष्ट सांगा.